विमानाच्या टाकीत आपला ऊस: लोक काय म्हणतात आणि त्यांना काय विचारायला हवं

अंबाजोगाईला एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय. विमानात जैवइंधन वापरण्याबद्दल लोकांना काय वाटतं, हा तिचा प्रकल्पाचा विषय. केज, कळंब, लातूर असं फिरून तिनं फॉर्म भरून घेतले. बहुतेकांनी 'चांगली गोष्ट आहे' यावर खूण केली. पण फॉर्म बाजूला ठेवून चहा आला की तीच माणसं वेगळं बोलायची. नांदेडहून एकदाच विमानात बसलेले तिचे काका म्हणाले, "आता दारूवर इमान उडवायलेत म्हणे. मी आपला रेल्वेनंच जातो." वडील म्हणाले, कारखाना विमानाचं इंधन काढणार असेल तर दोन एकर ऊस वाढवू. आजोबा म्हणाले, "चंद्रज्योतीचं झालं तेच ह्याचं होणार." चंद्रज्योत म्हणजे जट्रोफा, बियांपासून डिझेल मिळेल म्हणून लावायला सांगितलेलं झाड. तिचा प्रश्न असा, की यातलं खरं लोकमत कोणतं धरायचं?

ताई, तिघांचंही खरं धरा. फॉर्मवरच्या खुणेला मात्र फार किंमत देऊ नका. 'जैवइंधन' म्हटलं की कानाला चांगलं वाटतं, म्हणून माणूस खूण करतो. कशापासून केलेलं, कुणाच्या पाण्यावर, कुणाच्या पैशानं, हे सांगितल्याशिवाय त्या खुणेत काही अर्थ नाही.

मी ९ वर्षं लातूरकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. पुढची १८ वर्षं विमानाच्या इंधनाची गुणवत्ता तपासण्यात गेली. साखर काढून उरलेली मळी आत येते ते टोक मी पाहिलंय आणि पंखाला नळी लागते ते टोकही. या दोन टोकांच्या मध्ये उभं राहून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जिथं घाबरायचं कारण नाही तिथं आपले लोक घाबरतात, आणि जिथं हात वर करून प्रश्न विचारायला हवा तिथं गप्प बसतात.

काकांची शंका आधी घेतो. विमानात इथेनॉल, म्हणजे उसाच्या रसापासून किंवा मळीपासून केलेलं अल्कोहोल, घालत नाहीत. घालताच येत नाही. एक किलो विमान इंधन जाळलं तर साधारण ४३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक किलो इथेनॉलमधून २७ च्या आसपास. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि विमानात पाण्याइतका वाईट पाहुणा दुसरा नाही. जानेवारी २००८ मध्ये बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान धावपट्टीच्या अलीकडंच आदळलं. इंधनातल्या थोड्याशा पाण्याचा बर्फ होऊन त्यानं इंजिनाकडं जाणारा इंधनाचा मार्ग अडवला होता. ते इंधन नेहमीचंच होतं आणि त्यातलं पाणी नियमात बसणारं होतं. मग पाणी धरून ठेवणारं इथेनॉल कोण टाकीत घालेल?

इथेनॉलपासून विमानाचं इंधन करताना ते आधी पूर्ण मोडावं लागतं. त्याच्या रेणूतलं पाणी काढलं की इथिलीन उरतो. केळी पिकतात ती याच वायूनं. या वायूचे छोटे रेणू एकाला एक जोडून लांब साखळ्या करायच्या, हायड्रोजन देऊन त्या स्थिर करायच्या, आणि शेवटी ऊर्ध्वपातन करून हव्या त्या लांबीच्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या. हाती येतं ते रॉकेलसारखं स्वच्छ द्रव. त्यात दारूचा अंशही नसतो. तूप दुधाचंच असतं, पण ते दुधासारखं नासत नाही. तसंच हे.

हे द्रवसुद्धा एकटं वापरत नाहीत. डी ७५६६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात इथेनॉलपासूनच्या मार्गाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि नेहमीच्या इंधनात ते जास्तीत जास्त ५० टक्के मिसळता येतं. मर्यादेमागचं एक कारण अगदी साधं आहे. विमानाच्या इंधनव्यवस्थेत रबराची पॅकिंग असतात, आणि नेहमीच्या इंधनातले 'सुगंधी' (ॲरोमॅटिक) गटातले हायड्रोकार्बन त्यांना थोडं फुगवून घट्ट बसवतात. नव्या इंधनात ते जवळजवळ नसतातच. म्हणून मिश्रणात ते किमान ८ टक्के राहिले पाहिजेत असा नियम आहे. तेवढं पाळलं की इंजिनाला फरक कळत नाही.

उड्डाणं तर १७ वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकनं लंडन ते ॲमस्टरडॅम प्रवासी न घेता एका इंजिनात नारळ आणि बाबासू या फळांच्या तेलाचं मिश्रण वापरून पाहिलं. आपल्याकडं २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला गेलं. त्यात २५ टक्के जैवइंधन होतं, डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं जट्रोफाच्या तेलापासून केलेलं. १९ मे २०२३ रोजी एअर एशियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलं, त्यातलं इंधन पुण्याच्या प्राज कंपनीनं देशी कच्च्या मालापासून केलं होतं. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला व्हर्जिन अटलांटिकचं विमान पूर्ण जैवइंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला पोचलं. त्याला खास परवानगी घ्यावी लागली होती.

पण लोकांना मानक आणि तारखा सांगून भीती जात नाही, हे मी अनुभवानं सांगतो. बरणी दाखवली की जाते. पहाटेच्या विमानाआधी आम्ही टँकरच्या तळाच्या नळातून काचेच्या बरणीत लिटरभर नमुना काढतो. बरणी हातात धरून गरगर फिरवली की मध्ये भोवरा तयार होतो. पाण्याचा थेंब किंवा कचऱ्याचा कण असेल तर तो भोवऱ्याच्या बुडाशी गोळा होतो. दिव्यासमोर धरून बघायचं. इंधन नितळ आणि चकचकीत दिसलं पाहिजे, धूसर चालत नाही. मग पिचकारीच्या तोंडाला छोटी पिवळी चकती लावून ५ मिलिलिटर इंधन ओढायचं. चकती हिरवट झाली तर पाणी आहे, भरणं तिथंच थांबतं. घनता मोजून कागदावरच्या आकड्याशी जुळवायची. जैवइंधन मिसळलेलं असो वा नसो, ही बरणी चुकत नाही. माझा एक मेहुणा विमानाला इतका घाबरायचा की बायकोच्या ऑपरेशनलाही रेल्वेनं गेला. त्याला मी एकदा नमुन्याची बरणी फिरवून दाखवली. तो बराच वेळ भोवऱ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "दर खेपेला बघता?" हो म्हटलं. पुढच्या दिवाळीला तो विमानानं आला.

आपल्या भागात विमानाची भीती वरवरची नाही, तिला जुनं मूळ आहे. संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ म्हटलं की माझ्या पिढीला २६ एप्रिल १९९३ आठवतो. उड्डाण घेताना इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. त्यात इंधनाचा दोष नव्हता. पण नवं काही आलं की ती जुनी भीती पुन्हा उठून बसते. जून २०२५ मध्ये अहमदाबादचा अपघात झाला तेव्हा मला आठवडाभर फोन येत होते, 'इंधनात काही मिसळलं होतं का?' जुलैमध्ये प्राथमिक अहवाल आला. विमानात ज्या टँकरमधून इंधन भरलं त्यांचे नमुने तपासणीत योग्य ठरल्याचं त्यात नोंदलेलं आहे. मी तो परिच्छेद मराठीत करून फोन करणाऱ्या प्रत्येकाला पाठवला.

आणखी एक गोष्ट काकांच्या मनात असणार, पेट्रोल पंपाची. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि गावोगाव गाडी ॲव्हरेज देत नाही अशी तक्रार सुरू झाली. लोक खोटं बोलत नव्हते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळं २० टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज थोडं तरी कमी होणारच. हे आधी स्पष्ट सांगितलं असतं तर एवढा राग आला नसता. विमानाच्या इंधनात ही अडचण नाही, कारण इथेनॉल इथेनॉल राहतच नाही. पण पंपावर आपल्याला न विचारता काहीतरी मिसळलं, हा सल माणूस विमानतळापर्यंत घेऊन येतो. तुमच्या प्रकल्पात याची नोंद घ्या.

भाड्याचा हिशेब पटकन सांगतो. हे इंधन नेहमीच्या इंधनाच्या दोन ते पाच पट महाग पडतं. तिप्पट धरू. केंद्र सरकारनं ठरवलेलं उद्दिष्ट २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के, तेही आधी आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्के धरला तर १ टक्का मिश्रणानं ५ हजारांच्या तिकिटावर ४० रुपये वाढतील, ५ टक्क्यांनी २०० रुपये. लुफ्तान्सानं जानेवारी २०२५ पासून युरोपातून निघणाऱ्या उड्डाणांच्या तिकिटावर असा अधिभार लावायला सुरुवात केली, १ ते ७२ युरो. 'पर्यावरणासाठी जास्त पैसे द्याल का?' असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. '२०० रुपये द्याल का?' असं विचारा, मग खरं उत्तर मिळेल.

आता आजोबा. त्यांचं बोलणं वाचून मी थोडा वेळ थांबलो, कारण आमच्या घरचीही तीच गोष्ट आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं जट्रोफाची मोठी योजना सुचवली. पडीक जमिनीवर, पाण्याविना, बांधावर येणारं झाड, बियांपासून डिझेल. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं स्वप्न होतं. आमच्याकडं याला मोगली एरंड म्हणतात, कुणी चंद्रज्योत. वडिलांनी दोन बांधांवर रोपं लावली. रोपं देणाऱ्यांनी सांगितलं होतं, बी आम्हीच घेऊ. तिसऱ्या वर्षी थोडं बी आलं. वडिलांनी ते वाळवून पोत्यात भरलं आणि माळवदाच्या घरात कणगीमागं ठेवलं. घ्यायला कुणी आलं नाही. फोन केला तर नंबर बंद. पोतं चार वर्षं तिथंच होतं. शेजारच्या लेकरांनी काजूसारखं दिसतं म्हणून त्यातल्या बिया खाल्ल्या. तिघांना उलट्या सुरू झाल्या आणि रात्रीच अंबाजोगाईला न्यावं लागलं. ते बी विषारी असतं, हे रोपं देताना कुणी सांगितलं नव्हतं. लेकरं वाचली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी बांधावरची सगळी झाडं कुऱ्हाडीनं तोडली.

झाडात तेल नव्हतं असं नाही. २०१८ चं विमान त्याच्याच तेलावर उडालं, बी छत्तीसगडमधून आलं होतं. फसलं ते हे, की पाण्याविना ते झाड जगतं पण भरपूर बी देत नाही, आणि बी घेणारा नक्की नव्हता. म्हणून आजोबांच्या बोलण्याला 'जुन्या लोकांचा विरोध' असं नाव देऊ नका. ज्यानं एकदा पोतं भरून ठेवलंय तो माणूस खरेदीचा कागद दाखवा म्हणतो. मीही तेच म्हणेन.

आणि वडील. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात मोठी चूक इथंच होऊ शकते.

ऊस वाढवू म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ४ हजाराच्या आसपास विकावं लागत होतं. उसाला निदान ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना आहे. इथेनॉल आल्यापासून कारखान्यांच्या हाती पैसाही लवकर येतो. साखर गोदामात पडून राहते, तेल कंपन्यांची बिलं मात्र वेळेत निघतात, आणि त्यातून उसाचे पैसे देणं सोपं जातं. हे मी आतून पाहिलंय. म्हणून इथेनॉलला असलेला शेतकऱ्याचा पाठिंबा पोटातून आलेला आहे.

पण पाण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडा. नीती आयोगाच्या इथेनॉलविषयीच्या अहवालात उसापासूनच्या १ लिटर इथेनॉलला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं असं म्हटलंय, आणि एक टन उसातून ७० लिटर इथेनॉल. रसायनशास्त्राचा नियम असा, की १०० किलो इथेनॉलमधून जास्तीत जास्त ६१ किलो इथिलीन निघतो, बाकी पाणी होऊन जातं. गळती धरली तर १ लिटर विमान इंधनाला साधारण १.८ लिटर इथेनॉल. संभाजीनगरहून दिल्लीला दोन तासांत जाणारं विमान ढोबळमानानं ६ हजार लिटर इंधन जाळतं. त्यात फक्त १ टक्का, म्हणजे ६० लिटर, उसाचं घालायचं तर १०८ लिटर इथेनॉल लागेल. पाणी झालं ३ लाख लिटरच्या वर. बारा हजार लिटरचे २५ टँकर. एका उड्डाणाच्या एका टक्क्यासाठी.

यातलं काही पाणी पावसाचं असतं हे मान्य. इथेनॉल मळीपासून केलं तर पाण्याचा मोठा भाग साखरेच्या खात्यावर जातो हेही मान्य. पण मराठवाड्याचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि उसाची भूक दीड ते अडीच हजारांची. मधलं सगळं बोअर, विहीर नाहीतर धरणातून येतं. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. मी त्या दिवशी लातूरला बहिणीकडं होतो. गल्लीत घागरींची रांग होती. पुढं माणूस नव्हता, नुसत्या घागरी, आणि प्रत्येक घागरीच्या गळ्याला ओळखीसाठी वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. आताचा हिशेब केला तेव्हा त्या चिंध्या डोळ्यांपुढं आल्या. ती अख्खी गाडी दोन उड्डाणांच्या एका टक्क्यालाही पुरली नसती.

म्हणून वडिलांना माझा निरोप द्या: विमानाच्या बातमीवर नवीन बोअर घेऊ नका. धोरणही एका रात्रीत बदलतं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडणार असं दिसलं, आणि डिसेंबरमध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्या हंगामाच्या मध्यात अडकल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठली. दरम्यान मक्याकडं ओढा वाढला, मक्याचा भाव चढला आणि कोंबडीपालनवाले ओरडू लागले. एका टाकीत घातलं की दुसऱ्याच्या ताटातून किंवा गव्हाणीतून काढावं लागतं. 'अन्न की इंधन' हा वाद आपल्याकडं जालना-सिल्लोडच्या मका बाजारात रोज दिसतो.

डिस्टिलरीजवळच्या गावांचं मत वेगळं विचारा. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कारखान्यामागच्या वस्तीवरचा एक शेतकरी प्रयोगशाळेत आला. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली बाटली त्यानं टेबलावर ठेवली. पाणी विहिरीचं होतं, रंग काळ्या चहाचा. "बघा तपासून," एवढंच म्हणाला. एक लिटर अल्कोहोलमागं ८ ते १५ लिटर काळपट, आंबूस सांडपाणी निघतं, त्याला आम्ही स्पेंटवॉश म्हणतो. आमच्या साठवण तळ्याला चीर गेली होती. मी पाणी तपासलं, आकडे लिहिले आणि वर दिले. वरून सांगितलं, आकडे बाहेर जाऊ देऊ नका. मी गप्प बसलो. तो माणूस पुन्हा दोनदा आला आणि मी त्याला 'रिपोर्ट यायचाय' म्हणालो. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय. आता नियम कडक झालेत, सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, ते आटवून बॉयलरमध्ये जाळावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते नीट होतंही. पण त्या वस्तीवरच्या माणसाला 'हरित इंधन' म्हणाल तर तो तुमच्याकडं कसा बघेल, हे तुम्हीच विचार करा. डिस्टिलरीची क्षमता वाढवण्याची जनसुनावणी असते तेव्हा तिथं जाऊन बसा. फॉर्मपेक्षा जास्त कळेल.

मग या इंधनाला माझा विरोध आहे का? अजिबात नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा २ ते अडीच टक्के आहे आणि लांबच्या उड्डाणांना बॅटरी पुरत नाही. हे इंधन लागणार आहे. माझा आग्रह कच्च्या मालाचा आहे.

वापरलेलं खाद्यतेल हा मला सगळ्यात पटलेला माल. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८ पासून नियम केला, की तळणाच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल पुन्हा वापरायचं नाही. मोठ्या हॉटेलातलं असं तेल गुपचूप गाड्यांवर जातं आणि आपण त्यातली भजी खातो. त्याला चांगला भाव मिळाला तर ते कढईत परत येणार नाही. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये अशा तेलापासून विमान इंधन करण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, क्षमता वर्षाला ३५ हजार टन. मी हे ज्या ज्या हॉटेलवाल्याला सांगितलं त्यानं पहिला प्रश्न विचारला, "किलोला काय देणार?" याहून स्पष्ट लोकमत नाही. फक्त त्यात ताजं पामतेल 'वापरलेलं' म्हणून घुसवलं जात नाही ना, हे तपासावं लागतं. युरोपात तो संशय उघडपणे बोलला जातोय.

दुसरा माल पऱ्हाटीचा. आपल्याकडं कापूस संपला की शेतकरी ती उपटून बांधावर रचतो नाहीतर पेटवतो. शेतात राहिली तर गुलाबी बोंडअळी त्यात दबा धरून बसते, म्हणून वेळेत हलवायलाच हवी. पिकाच्या अवशेषांपासून इथेनॉल करणारा कारखाना पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, तिथं भाताचा पेंढा वापरतात. पऱ्हाटीची अडचण वाहतुकीची. ट्रॉलीवर डोंगर दिसतो आणि काट्यावर वजन भरत नाही. पण मी तुम्हाला दुसरं सांगणार आहे, ते कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतं. गावात ज्यांना शेत नाही त्यांच्या घरी वर्षभर चूल पेटते ती पऱ्हाटीवर आणि तुराट्यांवर. फेब्रुवारीत बायका दुसऱ्याच्या रानातली पऱ्हाटी उपटून देतात आणि त्याच्या बदल्यात मोळ्या घरी नेतात. गॅसची टाकी आहे, पण ती पाहुण्यांसाठी. उद्या कारखाना पऱ्हाटी विकत घेऊ लागला तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील आणि त्या बाईची चूल बंद होईल. तुमच्या फॉर्ममध्ये ती बाई आहे का? नसेल तर तिच्याकडं जा.

विमान कंपन्यांच्या जाहिरातींवरही लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयानं केएलएमच्या पर्यावरणपूरक प्रवासाच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. त्याच वर्षी ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं व्हर्जिन अटलांटिकची '१०० टक्के शाश्वत इंधन' ही जाहिरातही तशीच ठरवली. कारण इंजिनातून बाहेर पडणारा कार्बन या इंधनातही जवळजवळ तेवढाच असतो. बचत होते ती झाड वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतं म्हणून, किंवा वाया जाणारं तेल कामी आलं म्हणून. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या योजनेत पात्र ठरायला पूर्ण साखळीत किमान १० टक्के बचत पुरते. वापरलेल्या खाद्यतेलातून ती ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दोन्हींच्या पिंपावर नाव एकच.

तेव्हा फॉर्म बदला. 'जैवइंधनाला तुमचा पाठिंबा आहे का' हा प्रश्न काढून टाका. त्याजागी उसाचं, मक्याचं, तळणाच्या तेलाचं, पऱ्हाटीचं असे चार वेगळे प्रश्न करा आणि प्रत्येकाखाली पाण्याचा आकडा टँकरमध्ये लिहा. भाडं टक्क्यात विचारू नका, रुपयात विचारा. विमानात कधी बसलात का, हे शेवटी विचारा. सुरुवातीलाच विचारलं की न बसलेला माणूस 'आपल्याला काय कळतं' म्हणून गप्प होतो, आणि पाणी तर त्याच्याच विहिरीचं असतं. जट्रोफा लावलेल्या घरांची यादी आजोबांकडून घ्या, त्यांना सगळी घरं माहीत असतील. डिस्टिलरीच्या मागच्या वस्तीवर सकाळी जा, दुपारी माणसं रानात असतात. आणि विहिरीचं पाणी कुणी बाटलीत भरून दिलं तर घेऊन या. मी इथं तपासून देईन आणि आकडे त्याच्या हातात देईन.